पुठ्ठ्याची भिंत

आमच्या घरात पूर मोजायची पद्धत अशी की मारुतीला विचारायचं. गंगाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे (गोदावरीला इथं जुन्या नाशकात कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच), पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की नुसती चर्चा करायची, कमरेला लागलं की खालच्या खोलीतली गहू-तांदळाची पिंपं माळ्यावर, छातीला लागलं की गॅस सिलिंडर वर, आणि गळ्याला लागलं की आपण वर. ही यादी सासूबाईंची. त्या गेल्या, यादी राहिली.

आमचं घर भांडी बाजारातून आत, दोन बोळ ओलांडून. म्हणजे गंगा दिसत नाही, पण ती आहे हे विसरताही येत नाही. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर विटा आणि पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, चुन्याचा गिलावा, सागाचे खांब. असा जुना वाडा म्हटलं की लोकांना फार छान वाटतं, त्यांना त्यात राहायचं नसतं ना. राहणाऱ्याला दिसतो तो लोणा. पावसाळ्यात खालच्या भिंतींवर पांढरी मीठासारखी बुरबुर यायची, रंगाचे पापुद्रे सुटायचे, सोफा भिंतीला टेकवला की कुशनच्या मागे पीठ. पाहुणे आले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे, म्हणजे त्यांचं लक्ष माझ्याकडे राहील.

तर २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की बास झालं, खालची खोली नीट करून घेऊ. त्यामागे आमच्या ह्यांचं गणित होतं. २००८ ला पाणी घरात गुडघाभर आलं होतं, २०१६ ला दाराच्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं, मध्ये आठ वर्षं, म्हणजे आता २०२४ पर्यंत बघायला नको. पूर काय विम्याच्या हप्त्यासारखा तारखेला येतो का, हे त्यांना विचारायला पाहिजे होतं, पण मलाही ते गणित सोयीचं होतं. पुढे कळलं की पूररेषांबद्दलही लोक अशीच चूक करतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर असं आपण म्हणतो आणि चोवीस वर्षं निवांत झोपतो, खरं तर त्याचा अर्थ दरवर्षी पंचवीसात एक एवढी शक्यता, गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा सुट्टी असं काही नाही.

असो. ठेकेदार आला, त्याने भिंत बघितली, बोटाने खरवडली आणि म्हणाला, "ताई, हिच्या नादाला लागू नका. झाकून टाकू." जुन्या भिंतीवर लोखंडी चॅनल ठोकायचे, त्यावर जिप्सम बोर्ड, पुट्टी, रंग, आठ दिवसांत काम खलास. आणि खोलीच्या मधोमध तसंच एक पार्टिशन, पलीकडे मुलाला अभ्यासाला जागा, आवाज जाऊ नये म्हणून आत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. खरंच आठ दिवसांत झालं. सरळ, गुळगुळीत, ऑफव्हाइट भिंती, मी किती दिवस त्यावर हात फिरवत होते. अण्णा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा ब्याऐंशीचे, काठी टेकत खाली आले, बोटाच्या पेरांनी भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "पोकळ आहे." मग जरा वेळाने, "पुठ्ठ्याची भिंत?" मी म्हटलं अहो अण्णा पुठ्ठा नाही, जिप्सम आहे. पण खरं सांगायचं तर ते निम्मे बरोबर होते, कारण जिप्सम बोर्ड म्हणजे मधे जिप्समचा थर आणि दोन्ही बाजूंनी कागदच. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने १८९४ मध्ये अशा बोर्डाचं पेटंट घेतलं, तिथली घरंच्या घरं याने उभी राहतात, आपल्याकडे मात्र ते आलं ऑफिसांच्या फॉल्स सीलिंगमधून आणि मग हळूहळू भिंतींवरून खाली उतरलं. सीलिंगवर ते ठीकच आहे, तिथं पूर जात नाही.

आणि मग ४ ऑगस्ट २०१९, रविवार. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचे मेसेज सारखे येत होते, प्रत्येकात क्यूसेकचा आकडा आधीपेक्षा मोठा, आणि क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हे मला पाठ असूनही त्या आकड्यांतून डोळ्यापुढे काही येत नाही, मारुतीच येतो. दुपारी शेजारचा मुलगा ओरडत आला, मारुती गेला! डोक्यावरून पाणी. यादीच संपली.

पाणी दारातून येईल म्हणून आम्ही उंबऱ्याशी वाळूची पोती लावून बसलो होतो, आणि ते आलं मोरीतून. गटार उलटं फिरलं. आधी गुडगुड असा आवाज, मग काळं पाणी, त्यावर तरंगणारं काय काय ते इथं लिहीत नाही. दारातून गंगा आली ती नंतर. हा क्रम मुद्दाम सांगतेय, पुढे कामाचा आहे. मेन स्विच बंद केला, अण्णा आधीच वर होते, मुलाने पुस्तकं उचलली, ह्यांनी टीव्ही उचलला, मी का कोण जाणे पायपुसणं उचलून वर गेले. रात्री जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून टॉर्चच्या उजेडात बघत होतो, अडीच फूट पाणी, आणि त्यात माझी ऑफव्हाइट भिंत काय सुंदर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. पाणी उतरायला लागलं तसे अण्णा जिन्यातूनच ओरडायला लागले, "बघत काय बसलात, पाण्याच्या मागे लागा!" १९६९ चा पूर त्यांनी चौतिसाव्या वर्षी उपसलेला. गाळ पाण्यात आहे तोवर तो पाण्याबरोबर जातो, पाणी गेल्यावर मागे राहिला की दोन दिवसांत शाडूसारखा घट्ट होतो, म्हणून पाणी घोट्याएवढं उरलं की खराटे घेऊन ते ढवळत ढवळत दाराकडे लोटायचं, अजिबात थांबायचं नाही. आम्ही पाच तास लोटत होतो. मोबाइल चार्ज असलेल्या एका शेजाऱ्याने बातमी दिली की काश्मीरचं ३७० गेलं, आणि गल्लीतले सगळे खराट्यावर हनुवटी टेकवून दोन मिनिटं उभे राहिले आणि परत गाळ लोटायला लागले. त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगली बुडाली, मग आमच्या अडीच फुटांचं कौतुक कुणाला असणार, आम्हालाही नंतर लाज वाटायची सांगताना.

भिंत उभीच होती. जमिनीपासून अडीच फुटांवर गाळाची एक सरळ तपकिरी रेघ, खालचा फूट-दीड फूट चहात धरलेल्या टोस्टसारखा फुगलेला, वर सगळं कोरडं आणि छान. ठेकेदाराला फोन केला. तो बिचारा आला सुद्धा, तेव्हा त्याला शंभर घरांची बोलावणी असणार. तो म्हणाला खालचं खराब झालेलं कापून नवा पट्टा जोडतो, जॉइंटला टेप, पुट्टी, दोन हात रंग, गणपतीच्या आत मोकळे. गणपती होते २ सप्टेंबरला. महिनाही नव्हता.

आता इथं त्याचा दोष मी म्हणणार नाही. गणपतीच्या आत, हे शब्द त्याने उच्चारायच्या आधी मीच उच्चारले होते. घरात घाण पाणी येऊन गेलंय, भिंतींना वास येतोय, अशा घरात बाप्पा कसे बसवायचे, आणि पाहुणे येणार, आरतीला गल्ली येणार. पूर येऊन गेलाय हे दिसता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. वाळू द्या, असं त्या महिन्यात एकाच माणसाने सांगितलं, अण्णांनी. "१९६९ ला दिवाळीपर्यंत भिंती उघड्या होत्या," म्हणाले. मला वाटलं तेव्हा पैसे नसतील.

गणपती झाले. छान झाले. आरतीला आलेल्या काकू म्हणाल्या, वाटत नाही हो तुमच्याकडे पाणी होतं! मला इतका आनंद झाला.

त्याच दिवसांत कधीतरी लक्षात आलं की आमची मूर्ती आणि आमची भिंत एकाच घरची. म्हणजे शब्दशः. जिप्सम हा दगड, त्याच्या वजनात साधारण २१ टक्के पाणी असतं, ओलं नव्हे, स्फटिकातच बांधलेलं. दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस, त्यात परत पाणी घाला की ते पाणी पिऊन पुन्हा दगड होतो. त्याचेच गणपती, त्याचेच बोर्ड. आगीत हा बोर्ड जरा टिकतो तोही याच कारणाने, आधी आतल्या पाण्याची वाफ होत राहते. म्हणजे पाण्याशी याचं वैर नाहीच, हा पाण्याचाच बनलाय, फक्त त्याला हवं तेवढंच पाणी चालतं. विसर्जनाला आम्ही पीओपीची मूर्ती हौदात देऊन आलो, दुसऱ्या दिवशी ती तिथं तशीच बसलेली असणार, अर्धवट, आणि मी घरी येऊन पार्टिशनला टेकून चहा प्यायले. पाठ थंड लागली. पावसाळा आहे, म्हटलं.

घटस्थापनेच्या सुमाराला वास सुरू झाला. आधी मला वाटलं सिंकखाली उंदीर मेला. मग मुलगा सारखा शिंकायला लागला. दिवाळीची साफसफाई करताना कपाट सरकवलं तर मागे, पाण्याच्या रेघेच्याही वर, तीन-साडेतीन फुटांवर, काळे ठिपके, तिळाचे लाडू फुटून भिंतीवर उडावेत तसे. पुसले. चार दिवसांनी परत, जरा जास्त. ब्लीच आणलं, त्याने ते गोरे झाले आणि आठवड्याने परत काळे.

मग एक ओळखीचे मिस्त्री आले, सत्तरीचे, काझीच्या गढीकडचे. त्यांनी काही न विचारता कटरने भिंतीला एक चौकोनी खिडकी पाडली, हात आत घातला आणि ओल्या गोधडीसारखं काहीतरी बाहेर ओढलं. रॉकवूल. तीन महिने झाले होते आणि पिळलं तर थेंब पडले. अख्खं पार्टिशन उघडलं तेव्हा कळलं काय झालं होतं ते. खाली जमिनीला जो चॅनल ठोकलेला असतो तो पन्हळीसारखा असतो, उघडं तोंड वर. त्यात पुराचा गाळ दोन बोटं भरून बसला होता, वरून बोर्ड बंद, म्हणजे आम्ही ते गटाराचं पाणी झाकण लावून बरणीत ठेवावं तसं जपून ठेवलं होतं. त्यातलं पाणी वरचा कागद पीत होता. कागद म्हणजे टिपकागदच की, पाणी अडीच फुटांवर थांबलं तरी ओल चार फुटांपर्यंत चढली होती. आणि तो कागद जिप्समला स्टार्चने चिकटवलेला असतो, म्हणजे खळीने. कागद, खळ, ओल, अंधार. बुरशीला याहून चांगलं जेवण कुणी वाढू शकत नाही, आणि तिला सुरुवात करायला एक-दोन दिवस पुरतात, आम्ही तीन महिने दिले होते.

मिस्त्रींनी जे सांगितलं ते आणि नंतर मी वाचलं ते सारखंच निघालं. नळ फुटून स्वच्छ पाण्याने बोर्ड भिजला, लगेच पंखे लावले, तर कधी कधी वाचतो. पुराचं पाणी, त्यात गटार मिसळलेलं, त्याने भिजलेला बोर्ड फुगलेला असो की नसो, काढायचाच, कारण जे शोषून घेतं ते धुता येत नाही. आणि कापायचं ते रेघेवर नाही, रेघेच्या निदान फूटभर वर, जिथं खरंच कोरडं लागतं तिथून. ओलं लोकर-बिकर सगळं बाहेर. लोखंडी चॅनलवर जस्ताचा मुलामा असतो, ते धुवून परत वापरता येतात, फक्त स्क्रू गंजतात. काढताना तोंडाला मास्क बांधायचा आणि आतल्या घरात पंखा लावायचा नाही, नाहीतर बुरशी सगळीकडे पेरली जाते. मास्क आणायला हे गेले तर मेडिकलवाल्याने आपणहून एकावर एक फुकट दिला होता. पुढच्या काही महिन्यांतच याच मास्कसाठी रांग लावली.

मग जुन्या भिंतीवरचे बोर्ड काढले. तिथं मला रडू आलं. दीड हात जाड भिंत, कंबरेपर्यंत काळीभोर, हात लावला की गिलावा ओल्या पेढ्यासारखा हातात. पण मिस्त्री म्हणाले ही पुराची एकट्याची ओल नाही ताई, ही दोन वर्षांची आहे. जोत्यातून वर चढणारी ओल पूर्वी चुन्यातून बाहेर पडून उडून जायची, जाताना मीठ मागे ठेवायची, तोच तो लोणा, ज्याची मला लाज वाटायची. आम्ही पुढून झाकलं तर ती जाणार कुठे? आणि आता सिमेंटचा गिलावा केला तर तेच होईल, तोंड दाबल्यासारखं, ओल आणखी वर चढेल.

"मग करायचं काय?"

"काही नाही. उघडी ठेवायची."

किती दिवस, तर त्यावर त्यांनी खांदे उडवले. मी वाचलेला ढोबळ हिशोब असा की जाड भिंतीला इंचाला एक महिना. मी पट्टीने भिंत मोजली आणि ह्यांना आकडा सांगितलाच नाही. घाईला उपाय म्हणून मिस्त्रींनी एक खेळ शिकवला, प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावायचा आणि सकाळी बघायचं, आतून थेंब धरले तर भिंत अजून घाम गाळतेय. नोव्हेंबरभर रोज सकाळी मी दात घासायच्या आधी ते प्लॅस्टिक बघायला खाली जायचे. थेंब. थेंब. थेंब. लोणा येईल तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत घ्यायचा, पाण्याने पुसायचा नाही, नाहीतर मीठ परत आत जातं. नाशिकची थंडी कोरडी असते ते बरं, पावसाळ्यात खिडक्या उघडून काय उपयोग, बाहेरचीच हवा ओली.

पाहुण्यांना काय सांगायचं हा प्रश्न होताच. पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं होतं भिंत पडली का, मी म्हटलं नाही, तो म्हणाला मग अंशतः. तोच शब्द मी सगळ्यांना सांगायला लागले. खोली कशी आहे? अंशतः.

फेब्रुवारीअखेर प्लॅस्टिकमागे थेंब कमी झाले, मिस्त्रींना मार्चमध्ये बोलवायचं ठरलं, चुना भिजत घालायचा होता. आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. मिस्त्री घरी, मजूर गावी, दुकानं बंद, आणि आमची भिंत संपूर्ण उन्हाळा उघडी, दारंखिडक्या सताड, एप्रिल-मेचं ऊन आत येऊन तिच्या पायाशी बसायचं. आरतीला येणारं कुणी नव्हतं. मला वाटतं एवढ्या शांतपणे ती १९६९ नंतर पहिल्यांदाच वाळली असेल. मुलाचे ऑनलाइन लेक्चर तिच्याच पुढ्यात, कॅमेऱ्यात मागे विटा दिसायच्या, तर त्याच्या मित्रांना वाटायचं मुद्दाम केलंय, कॅफेसारखं.

काम झालं ते २०२० च्या नोव्हेंबरनंतर, पावसाळा संपवून. जुन्या भिंतींना चुन्याचा गिलावा, आणि तो पण सावकाश, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, त्याला लवकर हो म्हणता येत नाही. वर चुन्याचीच सफेदी, प्लॅस्टिक पेंट नाही. दरवर्षी लोणा येतो. मी तो झाडते. सोफा चार बोटं पुढे ओढलाय. अण्णांनी नवा गिलावा बघितला, परत पेरांनी वाजवला, यावेळी काही बोलले नाहीत, पुढच्या वर्षी ते गेले.

पार्टिशनवरून मात्र घरात भांडण झालं. हे म्हणत नकोच, मुलगा म्हणत मला दार पाहिजे. शेवटी जुनेच चॅनल धुवून उभे केले, चार फुटांच्या वर जिप्सम बोर्ड, आणि खाली चार फूट फायबर सिमेंटचा बोर्ड, तो कागदाचा नसतो, भिजला तरी लापशी होत नाही. आत लोकर नाही. आणि खालच्या बोर्डांच्या जॉइंटला टेप नाही, पुट्टी नाही, नुसते स्क्रू, दिसणारे, म्हणजे पाणी आलं की उघडायचे, चॅनलमधला गाळ धुवायचा, महिना-दोन महिने तसंच ठेवायचं, वाळलं की परत लावायचे. सुतार म्हणाला ताई हे अर्धवट दिसेल. पाहुणेही विचारतात, काम राहिलंय का?

गणितातलं २०२४ येऊन गेलं. आषाढ लागला की आम्ही दोघं रविवारी खाली बसतो, हे स्क्रूड्रायव्हर फिरवतात, मी स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकते, चॅनलमध्ये हात फिरवून बघते, झुरळं आणि मुलाची पेन्सिल वगैरे निघते, आणि परत लावतो. एकूण बत्तीस आहेत. यंदा लावताना एकतीसच भरले, एक कुठं गेला कळेना, सोफ्याखाली बघितलं, डबा दोनदा उपडा केला. मुलगा आता पुण्यात असतो, त्याला फोन केला तर म्हणे राहू दे ना एक, काय होतंय. हे अजून शोधतायत.